उंबरणे फाटा

उत्तरा लोणतळकर नेमकं काय काम करते हे तिच्या सोसायटीत कुणालाच धड कळलं नव्हतं. "मी गावांची नावं तपासते," असं ती सांगायची. मग समोरचा माणूस "म्हणजे महसूल खात्यात का?" असं विचारायचा, आणि "नाही हो, गेमच्या कंपनीत," असं तिने म्हटलं की तो हवापाण्यावर घसरायचा. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांच्या चष्म्याची ही बाई दिवसभर व्हिडिओ गेम खेळते, अशी तिची कीर्ती झाली होती. ती पुसायच्या भानगडीत उत्तरा कधी पडली नाही.

कंपनी बाणेरला होती आणि तिचा एकच गेम चालत होता, पण तो जगभर चालत होता. 'दख्खनचा डाव' त्याचं नाव. इसवी सन सोळाशेपासून अठराशे अठरापर्यंतचा सगळा दख्खन पडद्यावर पसरलेला. आपण एक सत्ता निवडायची, किल्ले राखायचे, धान्याचे तांडे हलवायचे, तह करायचे, मोडायचे. साल पुढे सरकेल तसा नकाशाही बदलायचा.

पहिली आवृत्ती आली तेव्हा लोकांनी कंपनीची पार बिनपाण्याने केली होती. सोळाशे बेचाळीसच्या नकाशावर 'पिंपरी-चिंचवड' नावाचं जोडशहर ऐटीत बसलं होतं. कोकणात उतरणारं सैन्य खंडाळ्याच्या रेल्वे बोगद्यातून जायचं. परदेशी कंपन्यांनी असले घोटाळे केले की आपण हसून सोडून देतो, घरच्यांनी केले की जिव्हारी लागतात. तेव्हा मालकांनी कानाला खडा लावला आणि एका दप्तरखान्यात पंचवीस वर्षं मोडी कागद वाचण्यात घालवलेल्या उत्तराला बोलावून घेतलं.

तिने आल्या दिवशी एक नियम भिंतीवर चिकटवला. कागदाशिवाय नाव नाही, आणि एका कागदावर भागणार नाही, एकमेकांशी संबंध नसलेले दोन हवेत. सतराशे साली मोगलांनी साताऱ्याचा किल्ला घेतला आणि त्याला आझमतारा म्हटलं, तर गेममध्येही तेवढीच काही वर्षं तो आझमतारा दिसेल आणि मराठ्यांनी परत घेतला की पुन्हा सातारा होईल. कुणी कितीही भांडो, उत्तराचं उत्तर ठरलेलं असायचं, "कागद दाखवा." ऑफिसातली पोरं तिला पाठीमागे कागदबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

खरी क्रांती झाली ती रेहाना इनामदारच्या यंत्राने. रेहाना भौतिकशास्त्र शिकलेली, चाळिशीची, तोंडाने फटकळ आणि उत्तराची ऑफिसातली एकमेव मैत्रीण. जुने मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल महाराष्ट्रात पडून होते. उघडायला जावं तर कागदाचा भुगा व्हायचा, आणि वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. रेहानाच्या 'रुमालदर्शी'ला रुमाल उघडावाच लागत नसे. रेडिओ लहरी आणि उष्णतेच्या लहरी यांच्या मधल्या एका पट्ट्यातल्या लहरी ते सोडायचं. त्या कापडातून, कागदातून सहज आरपार जातात, पण काजळीच्या शाईपाशी अडखळतात. प्रत्येक पानावरून येणारा प्रतिध्वनी किंचित उशिरा येतो. तो उशीर मोजला की कुठलं अक्षर कितव्या पानावरचं ते कळतं. पुढचं वाचन, निरनिराळ्या कारकुनांची हस्ताक्षरं गिरवून तयार झालेली संगणकाची बुद्धी करायची. उत्तराला एक रुमाल वाचायला महिना लागायचा. यंत्राने चार वर्षांत सगळे वाचले.

त्यातून प्रत्येक वस्तीची कुंडली तयार झाली. कुठल्या साली काय नाव, किती कागदांत, कुणाच्या हातचं. एवढा चोख नकाशा सरकारकडेही नव्हता. आधी शाळांनी तो भिंतीवर लावला, मग कोर्टात वकील त्याचे दाखले देऊ लागले, आणि शेवटी राज्याच्या नामनिर्देश मंडळाने ठरवलं की गावांच्या, थांब्यांच्या, फाट्यांच्या नावांसाठी हाच नकाशा प्रमाण मानायचा. एक मे दोन हजार त्रेचाळीसला तो मोहोरबंद होणार होता. त्यानंतर त्यात कानामात्रेचाही बदल होणार नव्हता. खेळण्यातला नकाशा खऱ्या रस्त्यांवर उतरणार होता, आणि त्याच्यावर शेवटची सही उत्तराची होती.

फेब्रुवारीत तिला एक फोन आला.

"बाई, मी संपत उंबरणकर. रिटायर कंडक्टर. वडूजच्या गाडीवर एकतीस वर्सं काढली. तुमचा गेम रोज खेळतो म्या."

"अरे वा. कुठली सत्ता घेता?"

"सत्ता कशाला? लडाई न्हाई करत. मी आपलं धान्याचं तांडं हलवतो, साताऱ्यास्नं वडूजला. माझाच रूट हाय न्हवं का त्यो." मग त्यांनी घसा खाकरला. "एक चूक हाय बाई तुमच्या नकाशात. सतराशे पन्नासच्या सुमाराला आमच्या फाट्यापाशी तुमी पेठ फत्तेपूर दावलीया. तितं उंबरणे हुतं. आमचं गाव."

उत्तराने समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. पेठ फत्तेपूर. सतराशे बत्तीस साली एका सरदाराने वसवली, विजयाचं नाव दिलं, साठ वर्षं नांदली आणि सतराशे ब्याण्णवच्या दुष्काळात उठली. अकरा कागद, चार वेगवेगळ्या दप्तरांतले. उंबरण्याचा एकही नव्हता.

"मास्तर, अकरा कागद आहेत फत्तेपूरचे. तुमच्याकडे उंबरण्याचा काही कागद आहे?"

"कागद कुठला आमच्याकडं? गाव हुतं एवढं ठावं हाय. वाडवडील सांगत आले."

"मग मला काही करता येणार नाही. रोज असे दहा फोन येतात हो. कुणाला गाव हवं असतं, कुणाला राजधानी."

हे खोटं नव्हतं. मागच्याच आठवड्यात एका पुढाऱ्याने, अप्पासाहेब जगदळ्यांनी, आपल्या गावाला एका राज्याची उपराजधानी करून घेण्यासाठी पेढ्यांचा पुडा आणि धमकी एकदमच पाठवली होती. उत्तराने पेढे वॉचमनला दिले आणि उत्तरात दोन शब्द लिहिले. हाच नियम कंडक्टरसाठी मोडला तर अप्पासाहेब दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते.

संपतराव रागावले नाहीत. "बरं बाई," म्हणाले आणि फोन ठेवला. पण दर सोमवारी त्यांचा फोन येऊ लागला. ते खेळातल्या तांड्याची हकीकत सांगायचे, तिच्या गुडघ्याची चौकशी करायचे, आणि शेवटी हळूच, "उंबरण्याचं काय गावलं का?"

मार्चच्या अखेरीला रस्ते विभागाकडून सहीसाठी यादी आली. सातारा-वडूज रस्ता रुंद होणार होता, जुने थांबे जाऊन नवे येणार होते. नावांचे दोन रकाने होते, जुनं आणि नवं. एकशे बाराव्या ओळीत जुन्या रकान्यात 'उंबरणे फाटा' होतं आणि नव्यात 'फत्तेपूर फाटा'.

उत्तराचं पेन थांबलं. उंबरणे नावाचं गाव आज कुठे नाही, पण त्याचा फाटा आहे. फाटा म्हणजे मुख्य रस्त्यावरून गावाकडे वळायची जागा. जे गावच नाही त्याच्याकडे वळायचं कसं? आणि तो एक लोखंडी खांब सोडला तर जगात हे नाव कुठेही लिहिलेलं नाही, आणि ते पुसायला निघालेला हात आपला आहे, हे तिला पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं.

त्याच संध्याकाळी घरी पत्रिकांचा खोका आला. तिच्या मुलीचं, मुक्ताचं, लग्न मे महिन्यात होतं. घटस्फोटानंतर उत्तराने माहेरचं आडनाव परत घेतलं होतं आणि मुक्तानेही हौसेने तेच लावलं होतं.

"आई, पहिली पत्रिका गावच्या देवाला ठेवतात ना? आपलं लोणतळ कुठेय गं?"

"मिळालं नाही अजून."

"तुला? तुला मिळालं नाही?" मुक्ता हसायला लागली. "अख्ख्या महाराष्ट्राची गावं शोधतेस की!"

"कागदच नाही तर कुठून शोधू? ठेव गणपतीपुढे," उत्तरा म्हणाली. तिचे वडील बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरले, आणि जिथे जातील तिथे लोणतळची चौकशी करत राहिले. ते वारले तेव्हा त्यांच्या पाकिटात हाताने काढलेला एक नकाशा होता, त्यात सात जागी प्रश्नचिन्हं होती. त्या प्रश्नचिन्हांपायीच ती मोडी शिकली होती, पण हे तिने मुलीला कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी, संपतरावांना फोनवर कळवून, ती साताऱ्याहून वडूजच्या बसमध्ये बसली. बस विजेवर चालणारी, बिनकंडक्टरची. "पुढील थांबा, उंबरणे फाटा," असं यंत्रातल्या बाईने गोड आवाजात सांगितलं आणि उत्तरा उतरली.

खांब, एक कडुनिंब, आणि माळाकडे जाऊन गवतात विरणारी पायवाट. खांबाच्या बुडाशी शेंदूर फासलेला धोंडा होता. त्याच्याभोवती हळदीकुंकू, अक्षता आणि दगडाखाली दाबून ठेवलेल्या लग्नपत्रिका. काही नव्या होत्या, काहींचा रंग उडून गेला होता.

पांढरा पायजमा, टोपी, खांद्याला जुनी खाकी पिशवी असे संपतराव झाडाखाली उभे होते. आवाजावरून वाटले त्यापेक्षा बुटके होते.

"आलासा बाई! या, सावलीला या. चा आनलाय थरमासातनं."

"मास्तर, या पत्रिका कसल्या?"

"उंबरणकरांची रीत हाय. लगीन ठरलं की पयली पत्रिका गावदेवीला. आता गाव न्हाई, देऊळ न्हाई, मग फाट्याला ठिवायची. लांबची मानसं बसमदी माझ्याकडं द्यायची. मास्तर, तेवढी फाट्याला ठिवा म्हनायची. मी गाडी थांबवून ठिवायचो. ड्रायवर वरडायचा, पर थांबायचा."

तेवढ्यात मोटरसायकलवरून एक जोडपं आलं. बाईने डोक्यावर पदर घेतला, पत्रिका धोंड्यापुढे ठेवली, दोघं पाया पडली. संपतरावांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली, त्यांना नाव-गाव विचारलं आणि सावकाश लिहून घेतलं.

उत्तराने चहाचा कप खाली ठेवला. "ही कसली वही?"

"ही व्हय? ज्यानं ज्यानं पत्रिका ठिवली त्येचं नाव, गाव, तारीख. पावसात पत्रिका कुजायच्या, वाईट वाटायचं. म्हनलं लिवून तरी ठिवावं. हे धरून सहाशे त्रेचाळीस झाली."

"मास्तर! मी दोन महिने तुमच्याकडे कागद मागतेय!"

संपतराव बावरले. "ह्यो कागद व्हय बाई? मला वाटलं तुमाला मोडीतला पायजे, शिक्क्याचा. ही तर माझी वही हाय."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो असा. पण उत्तराला हसू आलं नाही. कागद म्हणजे कुणातरी मोठ्याचा, ही समजूत या माणसाच्या डोक्यात आपणच दर सोमवारी पक्की करत होतो, याची तिला लाज वाटली. तिने वही मागितली. संपतरावांनी ती टोपीला लावली आणि तिच्या हातात दिली.

सोमवारी रेहानाने वही चाळली आणि आधी उत्तराच्या उत्साहावर पाणीच ओतलं. "ही वही फाट्यावर लिहिलेली आहे. हिच्यातून फाटाच सिद्ध होणार. दोन स्वतंत्र साक्षी हा नियम कुणाचा?"

"माझा. म्हणून वही साक्षीला उभी करतच नाहीये. वहीत एकशे चाळीस गावं आहेत. त्या गावांच्या रुमालांत उंबरणकर सापडतात का बघ. गावाचं नाव म्हणून नको शोधूस, माणसाचं नाव म्हणून शोध."

रेहानाने खुर्ची पुढे ओढली. यंत्राने माणसांची नावंही वाचली होती, पण ती वेगळ्या कप्प्यात टाकून दिली होती. गेमला गावं हवी होती, भिकाजी आणि संताजी कुणाला हवे होते? तिने तो कप्पा उघडला.

दुपारपर्यंत अडतीस कागद निघाले. कुणाच्या वाटणीपत्रावर साक्षीदार म्हणून राणोजी उंबरणकर, कुठे विहिरीच्या भांडणात सखू उंबरणकरीण. मात्र यंत्राने दावा फेटाळला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या गावाचं नाव, त्या गावाच्या आसपास ते आडनाव दाट असायला हवं. इथे फाट्याभोवती दोन-तीन कोसांत एकही उंबरणकर नाही. सगळे त्याच्या पलीकडे. मध्ये नुसतं भोक.

उत्तराने संपतरावांना फोन लावला. "मास्तर, फाट्याच्या जवळ एकही उंबरणकर कसा नाही?"

पलीकडे ते मनापासून हसले. "आवं बाई, गावात ऱ्हानाऱ्याला गावाच्या नावानं कोन हाक मारतंय? हितं समदेच उंबरण्याचे, मग कोन कुनाला उंबरणकर म्हननार? गाव सोडून दुसरीकडं ऱ्हायला गेला की लोक म्हनत्यात, त्यो बघा उंबरणकर. मानूस गावाभायेर पडल्यावर 'कर' हुतो."

उत्तराने फोन स्पीकरवर टाकला होता. रेहाना खुर्चीतून उठली आणि पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. सव्वीस गावांतले अडतीस ठिपके, आणि मध्ये ती मोकळी जागा.

"मूर्ख आहे मी," ती म्हणाली. "इतकं शिकून मूर्ख. भोक हाच पुरावा आहे, उत्तरा. जी जागा रिकामी तिथेच गाव होतं."

तिने यंत्राला नवं गणित शिकवलं. आडनावाचे जुने ठिपके घ्यायचे, ते कड्यासारखे पसरलेत का पाहायचं, आणि कड्याचा मध्य काढायचा. खात्रीसाठी आधी अशी दोनशे गावं घेतली जी आजही नांदतात. त्यांच्या आडनावांवरून यंत्राने गाव ओळखायचं. एकशे एक्याऐंशी वेळा ते बरोबर निघालं. मग उंबरणकर घातले. मध्य फाट्यापासून सव्वा किलोमीटरवर पडला, जिथे पायवाट गवतात विरत होती तिथेच.

"आता उलट शोध," उत्तरा म्हणाली. "फत्तेपूरकर किती?"

यंत्राने सगळे रुमाल धुंडाळले. एकही नव्हता. सरदाराने मोठ्या थाटात पेठ वसवली, कारकुनांनी साठ वर्षं इमानाने फत्तेपूर लिहिलं, पण त्या गावातून बाहेर पडलेला एकही माणूस फत्तेपूरकर झाला नाही. त्या अडतीसांतला सर्वांत जुना कागद सतराशे एकेचाळीसचा, म्हणजे नाव बदलून नऊ वर्षं झाल्यावरचा, आणि तरीही त्यातला माणूस उंबरणकरच होता. लोकांनी हुकूम डोक्यावर घेतला आणि नाव मात्र जुनंच तोंडात ठेवलं.

उत्तराला तीस वर्षांतले सगळे कागद आठवले. सरकार काय लिहीत होतं ते तिने डोळे फुटेस्तोवर वाचलं होतं. लोक काय म्हणत होते हे तिने कधी विचारलंच नव्हतं. एका कंडक्टरने ते तिला शिकवलं, दर सोमवारी, तिच्या गुडघ्याची चौकशी करत करत.

पण अजून सही झाली नव्हती. नियम बदलायचा तर तो सगळ्यांना लागू व्हायला हवा होता. तिने भिंतीवरच्या कागदाखाली आपल्या हाताने लिहिलं, तिसरी साक्ष: गाव सोडून गेलेली माणसं. मग अप्पासाहेबांचा दावा नव्या गणितात घातला. त्यांचं गाव होतं तिथेच निघालं, उपराजधानी मात्र सापडली नाही. ही बातमी त्यांना कळवायचं काम रेहानाने फार आनंदाने केलं.

"आणखी एक घाल," उत्तरा म्हणाली.

"कुठलं?"

"लोणतळकर."

रेहानाने तिच्याकडे पाहिलं आणि नाव घातलं. सात ठिपके उमटले. एक खानदेशात, दोन मिरजेकडे, एक नागपूरजवळ, बाकीचे कुठल्या कुठे. कडं नव्हतं, मध्यही नव्हता. खाली ओळ आली, 'पुरावा अपुरा'. वडिलांची सात प्रश्नचिन्हं आणि हे सात ठिपके, त्यांतला एकही दुसऱ्यावर बसत नव्हता.

"तुझी सही आहे," रेहाना हळूच म्हणाली. "एक ठिपका कुठेतरी ठेवलास तर कोण विचारणार आहे?"

उत्तराला मोह झाला नाही असं नाही. वडिलांचा थकलेला चेहरा तिला दिसला. "नको," ती म्हणाली. "मग उंबरणं पण खोटं होईल."

तिसऱ्या साक्षीच्या नियमाने, मोहोर लागायच्या आत, चारशे सहा हरवलेली गावं नकाशावर परत आली. त्यांत लोणतळ नव्हतं. एक मेच्या सकाळी उत्तराने सही केली. रस्त्यांच्या यादीतल्या एकशे बाराव्या ओळीत दोन्ही रकान्यांत एकच नाव होतं. गेममध्ये त्या जागी मोठ्या अक्षरांत 'उंबरणे' आणि खाली बारीक अक्षरांत 'सरकारी कागदांत पेठ फत्तेपूर' असं दिसू लागलं. संपतरावांनी त्या दिवशी गेममधला आपला सगळा तांडा उंबरण्यात नेऊन उभा केला आणि तिथून हलवायलाच तयार होईनात.

आठवड्याभराने उत्तरा पुन्हा फाट्यावर उतरली. नवा खांब लागला होता, नवी पाटी होती. जुना धोंडा मजुरांनी अदबीने उचलून नव्या खांबापाशी ठेवला होता. धोंड्याभोवती वीस-पंचवीस उंबरणकर जमले होते, कुणी पुरणपोळ्या आणल्या होत्या, कुणी नातवंडांना पाटी वाचून दाखवत होतं. एका म्हाताऱ्या बाईने उत्तराच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "लई उपकार झालं बाय," म्हणाली.

"माझे नाहीत, आजी. मी तर दोन महिने नाहीच म्हणत होते. हे सगळं मास्तरांचं आणि तुमचं. तुम्ही नाव सोडलं नाहीत म्हणून सापडलं."

गर्दी पांगल्यावर तिने संपतरावांची वही पिशवीतून काढली, नव्या खाकी कापडात बांधलेली. त्यांनी ती टोपीला लावून घेतली. मग तिने दुसरी एक गोष्ट काढली आणि घुटमळत उभी राहिली.

"मास्तर, माझ्या मुलीचं लग्न आहे बावीस तारखेला. तुम्ही यायचंच. पण ही पत्रिका... पहिली आहे. अजून गणपतीपुढेही ठेवली नाही. मी उंबरणकर नाही. इथे चालेल का?"

"तुमचं गाव कुठलं?"

"लोणतळ. ते नकाशावर नाही. यंत्रालाही सापडलं नाही."

संपतरावांनी पत्रिका घेतली, तिला हळदीकुंकू लावलं आणि धोंड्यापुढे ठेवून वर एक चपटा दगड ठेवला.

"सापडंस्तवर हितं ऱ्हाऊ द्या. आमची बी अडीचशे वर्सं फाट्यावरच गेली की. देवी काय आडनाव इचारत न्हाई."

उत्तरा वाकून धोंड्याच्या पाया पडली, आणि वळून संपतरावांच्याही पडली. ते "आवं, आवं" करत मागे सरले. मग झाडाखाली बसून त्यांनी वही उघडली, चष्मा लावला आणि लिहू लागले. तिने वाकून पाहिलं. सहाशे चव्वेचाळीस. उत्तरा लोणतळकर, मुक्काम लोणतळ.

"मास्तर, पुणे लिहा की. मी पुण्यात राहते."

"पुण्याचं कागद लई असतील. लोणतळचं कुनीतरी लिवाय नगं?" त्यांनी तारीख घातली, खाली सही केली आणि वही तिच्यापुढे धरली. "बराबर हाय का बघा. तपासनीस तुमी."

लोणतळचं नाव गाव म्हणून लिहिलेला, तारीख आणि सही असलेला हा पहिला कागद होता. उत्तराने चष्मा काढून पदराने पुसला, तो पुन्हा लावला आणि ती ओळ सावकाश वाचली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.